महालक्ष्म्या जेवून जा

पोळा जवळ आला की नागपूरची हवा आजारी पडते. पाऊस धड गेलेला नसतो आणि धड आलेलाही नसतो. आभाळ सकाळपासून भरून येतं, दिवसभर वाट पाहायला लावतं आणि संध्याकाळी न बरसताच निघून जातं. कपडे दोरीवर दोन-दोन दिवस ओलसर राहतात, पिठाच्या डब्यात जाळी धरते, भिंतींना कुबट वास सुटतो. मी रामदासपेठेत राहते. इथं घरांपेक्षा दवाखाने जास्त, त्यामुळं हा मोसम मला गॅलरीतूनच दिसतो. तापानं मलूल झालेली पोरं कडेवर घेतलेल्या बाया, औषधाच्या दुकानांपुढच्या रांगा, रिक्षातून उतरताना कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेली डोकी. श्रावणाबद्दल लोक फार गोड गोड लिहितात. त्यांनी श्रावणाचा शेवटचा आठवडा नागपुरात काढावा आणि मग बोलावं.

याच दिवसांत मारबत निघते. बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कागद-बांबूच्या अक्राळविक्राळ बाया करून त्यांची इतवारीतून मिरवणूक काढतात. एक काळी मारबत, एक पिवळी, सोबत बडगे म्हणून पुरुषांचे पुतळे. सगळं शहर त्यांच्यामागे ओरडत जातं, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत.’ शेवटी त्यांना जाळून टाकतात. खेड्यांतून त्या दिवशी पहाटे दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या काढून गावच्या शिवेपलीकडे फेकतात, आणि फेकताना ज्यानं त्यानं आपापली पीडा मारबतीच्या पदरात घालायची. खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, मच्छर घेऊन जा. लहानपणी मी गणिताच्या बाईंनाही घालून पाहिलं होतं. त्या कुठं गेल्या नाहीत.

पोरं नाचतात, ढोल वाजतात, माणसं खांद्यावर लेकरं घेऊन बघायला येतात. खरं तर मजेचा दिवस. पण १९८० सालापासून ती हाक मला ऐकवत नाही. आता ती फक्त टीव्हीवर ऐकू येते. मी उठून आवाज बंद करते.

त्या वर्षी अधिक मास आला होता, म्हणून पोळा लांबून सप्टेंबरात गेला होता. आम्ही तेव्हा जुन्या नागपुरातल्या महाल भागात राहत होतो. वरच्या मजल्यावरची खोली बाबांनी एका विद्यार्थ्याला दिली होती. त्याचं नाव जमशीद. तो इराणहून नागपुरात बी. फार्म. शिकायला आला होता.

त्या काळात नागपुरात परदेशातली पुष्कळ मुलं शिकायला असत, इराणी तर बरीच. सदरला, धरमपेठेत ती घोळक्यानं दिसायची. उंच, गोरीपान, मोठ्या कॉलरचे शर्ट घातलेली, उन्हानं लालबुंद झालेली. आपल्याकडून कुणी परदेशी शिकायला निघालं की गल्लीभर हार-तुरे, फोटो आणि रडारड. पण दुसऱ्या कुणाचं परदेश म्हणजे आपलं नागपूर असू शकतं, ही गोष्ट आम्हाला पचायला जड गेली. शेजारच्या वानखेडे काकूंनी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं की तुमचं हॉटेल कोणत्या चौकात आहे. इराणी म्हटलं की पुढं हॉटेल आलंच, असा त्यांचा पक्का समज होता. त्यानं बिचाऱ्यानं खूप विचार करून सांगितलं की हॉटेल नाही, पण चहा पाहिजे असेल तर वर या.

आईनं त्याच्यासाठी स्टीलचा एक पेला वेगळा ठेवला होता. तो कोनाड्यात असायचा आणि परत कोनाड्यातच जायचा. महिनाभरात तो पेला बाकीच्या पेल्यांत मिसळून गेला. कुणी मिसळला, कधी मिसळला, कुणाला कळलं नाही, आणि आईनं चौकशी केली नाही. जमशीदचा जमू झाला. जमू आईला आई म्हणायला लागला. गल्लीतल्या पोरांकडून आणि आमच्या आईकडून तो मराठी शिकला, त्यामुळं कॉलेजातल्या पुण्याच्या प्राध्यापकांशी बोलताना तो ‘मले’ आणि ‘तुमाले’ म्हणायचा आणि वर्ग हसायचा. आपण काय चुकलो, ते त्याला उमगायचं नाही. त्याच्यापुरती तीच मराठी होती.

पहिला उन्हाळा त्यानं कसा काढला ते आठवलं तरी घाम फुटतो. आमचं मे महिन्यातलं ऊन त्याला नवीन नव्हतं, त्याचं गावही तापायचं. त्याला जड गेलं ते एकटेपण. परीक्षेचा अभ्यास करताना तो जिन्यात येऊन बसायचा, कारण जिन्यातून आमच्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकू यायचे. भांडी घासल्याचे, फोडणीचे, आईच्या बडबडीचे. साखरेचा खडा दातात धरून बिनदुधाचा चहा प्यायचा आणि पुस्तक मांडीवर ठेवून नुसता ऐकत राहायचा. परदेशात शिकणाऱ्या पोराला काय लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जिना लागतो.

जेवायला बसला की आईचं आणि त्याचं एक नाटक व्हायचं. आई वाढायला आली की तो ताटावर हात धरायचा. आई पुन्हा म्हणायची, तो पुन्हा मान हलवायचा. तिसऱ्यांदा आई म्हणाली की तो मुकाट्यानं हात काढायचा आणि वाढलेलं सगळं संपवायचा. आम्ही हसायचो. आई म्हणायची, लाजाळू आहे, पोटात भूक आणि तोंडावर नको. त्याच्या मुलखातला रिवाज आम्हाला फार उशिरा कळला. तिकडे दोनदा नाही म्हणणं ही रीत, आणि मोठ्या माणसानं तिसऱ्यांदा आग्रह केला की नाही म्हणणं हा त्या माणसाचा अपमान. आणि आमची आई नागपूरची. तिनं पाहुण्याला तीनदापेक्षा कमी आग्रह जन्मात कधी केला नव्हता. दोघंही आपापल्या जागी सज्जन होती. त्या सज्जनपणाचा मला आजही राग येतो.

त्याचं गाव खुर्रमशहर. नदीकाठचं बंदर. त्याच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की नदी दिसे आणि नदीपलीकडची खजुराची झाडं. अलीकडची झाडं इराणची, पलीकडची इराकची. लहानपणी पलीकडच्या पोरांना हात केला की तीही हात करायची, असं तो सांगायचा. वडील नव्हते. त्या घरात आता एकटी आई होती. तिचा भाऊ, म्हणजे जमूचा मामा, शिराजला राहत होता. शिराज नदीपासून लांब, आत, सुरक्षित.

कारण त्या वर्षी नदीचं लक्षण ठीक नव्हतं. देशात क्रांती होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि शेजाऱ्याशी वैर वाढत चाललं होतं. उन्हाळ्यातच कधीमधी पलीकडून गोळा यायचा, अलीकडून जायचा. बाबा पाटबंधारे खात्यात होते. ऑफिसातून आले की रेडिओ लावत. पूर्वी आईला बातम्यांचा आवाज सहन व्हायचा नाही, आता तीच म्हणायला लागली की जमूच्या देशाचं काही सांगतात का बघा. सांगत. एका वाक्यात सांगत, आणि पुढं लगेच महागाई किंवा पूर. त्या एका वाक्यासाठी जमू जिन्यावरून खाली येऊन दाराशी उभा राहायचा. वाक्य झालं की वर जायचा.

पोळ्याच्या थोडं आधी त्याचा ट्रंक कॉल लागला. दुपारभर तार ऑफिसात बसून त्याला आईशी दोन मिनिटं बोलता आलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याची आई म्हणाली होती की खिडक्यांच्या काचा थरथरतात, आता तिला त्याची सवय झाली आहे, त्यानं अभ्यास करावा. शेजारी आत निघून चालले होते. ती एकटी घर सोडून जायला तयार नव्हती. तू न्यायला आलास तर येईन, म्हणाली. मग त्यानं ठरवलं. जायचं, तिला उचलायचं, शिराजला मामाकडे सोडायचं आणि हिवाळी परीक्षेच्या आत परत यायचं. येतो म्हणून त्यानं तार केली. सीताबर्डीवरच्या एका एजंटाकडून तिकीट काढलं. नागपूरहून मुंबईची गाडी, तिथून विमान.

गाडी निघत होती मारबतीच्या दिवशी.

ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पोळ्याच्या संध्याकाळी बैलांच्या ओळी घरी परतत होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गल्लीभर शेणाचा आणि पुरणाचा वास. जमू खाली आला आणि उद्या निघतो म्हणाला. आईच्या हातात पुरणाचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं.

“उद्या गावाची शीव ओलांडू नको,” ती म्हणाली. “मारबतीच्या दिवशी जे गावाबाहेर जाते, त्याले अख्खं गाव ‘घेऊन जा’ म्हणते. परत ये कोणी म्हणत नाही.”

“आई, मले जा लागते. माय वाट पाहून राहिली.”

“इतके दिवस थांबली, आजून दोन दिवस थांबन. माय हाये ते, पळून थोडी जाते.”

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं की त्याचं घर आहे, त्याचं तो पाहील, जाऊ दे त्याला. आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं पुन्हा सांगितलं. आणि मग जमूच्या पाठीवर हात ठेवून तिसऱ्यांदा सांगितलं. मी तिथंच दिव्याच्या वाती करत बसले होते. त्यानं मान खाली घातली आणि बरं म्हणाला. आम्हाला वाटलं, पटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी, गाडीत असायचा तो, आमच्यासोबत मारबत पाहायला इतवारीत आला. बाबा, मी आणि तो एका कापडाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर उभे होतो. दमट हवेत गुलाल अंगाला चिकटत होता. काळी मारबत लांबून येताना दिसली. आधी नुसतं डोकं, माणसांच्या डोक्यांवरून डुलत येणारं, मग ती लोंबणारी जीभ, मग बाहेर आलेले दात. ढोलांनी छातीत धडधड व्हायला लागली. आमच्याशेजारी एक म्हातारा डोळे मिटून ओरडत होता, सगळ्या जगाची पीडा एकट्यानं हाकलायची असल्यासारखा. मी जमूकडे पाहिलं. गोऱ्या माणसाचा रंग उडाला की फार दिसतो. मी विचारलं, भीती वाटते का. तो म्हणाला की आमच्याकडेही असेच ओरडत रस्त्यावर येतात, फक्त पुतळा नसतो, माणूस असतो. बाबांनी त्याचा दंड धरला आणि आम्ही मधूनच परत फिरलो.

घरी आल्यावर आईनं चहा केला. त्याला बरं वाटावं म्हणून मी माझ्या मामाच्या गावची मारबत सांगायला लागले. काटोलकडचं गाव ते. पहाटे बापे लोक फांद्या घेऊन शिवेवर जायचे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे उभे राहून पलीकडे फेकायचे. आणि पलीकडच्या गावचेही त्याच वेळी यायचे, अंधारात त्यांचीही हाक ऐकू यायची, आणि त्यांच्या फांद्या आमच्या बाजूला पडायच्या. उजाडल्यावर आम्ही पोरं बघायला जायचो. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पळसाचे सारखेच ढीग. आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

जमू हसला नाही. त्यानं आईला विचारलं, “म्हणजे शिवेच्या पलीकडे माणसं राहतात, हे तुमाले माहीत राहते?”

“राहतात तं,” आई म्हणाली. “त्याईचं ते पाहून घेतीन.”

त्यानं साखरेचा खडा दातात धरला आणि चहा प्यायला. मला तेव्हा तो प्रश्न नुसता परदेशी माणसाचा प्रश्न वाटला. ते लोक विचारतात असं काहीबाही.

विमान रोज नव्हतं. एक दिवस हुकला की पुढची जागा मिळेपर्यंत थांबावं लागे. एजंटानं पुढची जागा सांगितली ती गणपती बसल्यानंतरची. घरात गणपती बसले. जमूनं आरास करायला मदत केली, कागदाची फुलं त्याला छान करता यायची. तिकडे रेडिओवर एका वाक्याची दोन झाली होती. त्यानं उशीर होतोय, पण येतो, नक्की येतो, अशी आईला दुसरी तार केली. जागा हातात आली तेव्हा आई महालक्ष्म्यांच्या तयारीत होती. विदर्भात महालक्ष्म्या म्हणजे घरातला सगळ्यात मोठा सण. उभ्या केलेल्या दोन मूर्ती, त्यांना माहेरवाशिणीचा मान, सोळा भाज्या, आंबील, पुरण, घरात पाय ठेवायला जागा नाही. पोटची पोरगी सासरहून आली नाही तरी चालेल, पण त्या जेवणाला हजर असलेलं माणूस ताट सोडून जात नाही.

“आता थांबलाच हायेस तं महालक्ष्म्या जेवून जाजो,” आई म्हणाली. “घरचा पोट्टा सणाच्या तोंडावर जाते काय?”

तो म्हणाला, नको आई. आई म्हणाली, थांब. तो म्हणाला, नको. आई म्हणाली, “माह्यासाठी.” आणि तो थांबला, ती जागा सोडून त्यानं सणानंतरची घेतली.

त्या दिवशीचं जेवण माझ्या जिभेवर आहे. आंबिलीचा आंबटपणा, पडवळ, भोपळ्याची फुलं, कढीतल्या वड्या. पंगतीत तो शेवटच्या पाटावर बसला होता, आणि वानखेडे काकूंनी त्याला दोनदा पुरणपोळी वाढली. सगळ्यांनी त्याला त्याच्या आईला नमस्कार सांग म्हटलं. आईनं तिच्यासाठी बांगड्या दिल्या, लोणच्याची बरणी फडक्यात बांधून दिली. स्टेशनवर गाडी सुटताना ती खिडकीशी उभी राहून दहादा म्हणाली, ये हं, लवकर ये. आता म्हणायला मोकळीक होती. मुहूर्त चांगला होता.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी रेडिओ लावला. त्या दिवशी त्या देशाची बातमी पहिली होती. इराकची विमानं तेहरानच्या विमानतळावर बाँब टाकून गेली होती आणि सैन्य सीमा ओलांडून आत चाललं होतं. मग गावांची नावं आली. बाबांनी आवाज वाढवला. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, काय म्हणतात. ती पदराला हात पुसत बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी गल्लीतून विसर्जनाच्या मिरवणुका गेल्या. ढोल दारावरून जाताना खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आई त्या काचेकडे पाहत बसली होती. तिला उठून खिडकी बंद करायचं सुचलं नाही, आणि आम्हालाही नाही.

पुढं पितृपक्ष लागला. कावळे गच्चीवर येऊन बसत. वरची खोली आई रोज झाडत असे. बाबांनी तारा केल्या, त्यांचं काहीच उत्तर आलं नाही. सदरला राहणाऱ्या इराणी मुलांकडे मी आणि बाबा दोनदा जाऊन आलो. सगळी एका ट्रान्झिस्टरभोवती बसलेली होती, आणि आम्ही विचारायच्या आतच मान हलवत होती. महिन्याभरानं त्याचं गाव पडल्याची बातमी आली. हिवाळी परीक्षा झाल्या. माझीही त्या वर्षी परीक्षा होती. पेपर लिहिताना माझ्या मनात येई की या शहरात कुठल्या तरी हॉलमध्ये त्याचा बाक रिकामा असेल आणि पर्यवेक्षक त्यापुढं गैरहजर अशी खूण करून पुढं गेला असेल.

पुढच्या वर्षी पोळा आला. दाराला पळसाची फांदी लावली नाही. मारबतीच्या दिवशी आई नुसती उंबरठ्याशी उभी राहिली. वानखेडे काकू म्हणाल्या, काहून वं, ओरडत नाही? आई म्हणाली, “पलीकडे कोण राहते, कोणाले ठाऊक.” काकू आमच्याकडे पाहून हसल्या. मला हसता आलं नाही.

त्या हिवाळ्यात तो परत आला.

दुपारची वेळ होती. संत्र्यांच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या. दारात माणूस उभा होता आणि मी त्याला ओळखलं नाही. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. पंचविशीचा पोरगा, पण जिना चढताना कठडा धरून चढणारा. आई आतून आली. तिनं त्याला आधी आत घेतलं नाही, उंबरठ्यावरच विचारलं.

“तुही माय कशी हाये?”

“चांगली आहे, आई. शिराजले. मामाकडे.”

आई भिंतीला टेकली. मग रडली, हसली, त्याच्या डोक्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली आणि पानं वाढायला पळाली. जेवताना त्यानं पहिल्याच आग्रहाला ताट पुढं केलं. दुसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

तो सदरच्या मुलांकडे उतरला होता. निघाला तेव्हा फाटकापर्यंत मी त्याला सोडायला गेले. तिथं त्यानं सांगितलं. तेहरानला तो लढाई सुरू व्हायच्या तोंडावर उतरला. दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सगळी माणसं उलटी येत होती. ट्रकवर गाद्या, म्हाताऱ्या, कोंबड्या, आणि तो एकटा पलीकडे जायला वाहन शोधत होता. गावाच्या अलीकडेच त्याला अडवलं. तिथं शेजारचे भेटले. ते तिला न्यायला घरी गेले होते, एकदा नाही, अनेकदा.

“ते नाही निघाली,” जमू म्हणाला. “म्हणे, माहा पोरगा येऊन राहिला, तार आली. बॅग भरून दाराजवळ बसली होती. मग घरावर गोळा पडला.”

मी काहीतरी बोलले असेन. काय, ते आठवत नाही. त्यानं एवढंच म्हटलं की आईंना सांगू नको, त्यांनी प्रेमानं थांबवलं होतं. तेव्हाच त्यानं मला तिकडचा तो तीनदाचा रिवाज सांगितला, अगदी शांतपणे, औषधाचं प्रमाण सांगावं तसा. रस्त्यावरून पोरं पतंगामागं धावत होती. मला त्यांना ओरडून गप्प करावंसं वाटलं.

मी सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, त्यांनीही पोटात ठेवलं. त्यानं पदवी पुरी केली आणि मग जर्मनीत, तिथून कॅनडात गेला. मधे दोन-तीनदा नागपूरला येऊन गेला. फोन मात्र दर महालक्ष्म्यांना यायचा. आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, माय कशी आहे. तो म्हणायचा, चांगली आहे. आईनं तिच्यासाठी शाल पाठवली, बाबा परगावी गेले की तिथलं काहीबाही आणायला सांगून पाठवलं. त्यानं सगळं घेतलं. शाल तिला आवडली, असं कळवलं. इकडे मी आणि बाबा एकमेकांकडे न पाहता बसून असायचो. खोटं बोलणं सोपं असतं. रोज त्याच्यासोबत राहणं, त्याला जेवू घालणं, हे कठीण. इतकी वर्षं मी त्या फोनला घाबरत आले. आज ना उद्या आई काहीतरी वेगळं विचारेल, तिचा आवाज ऐकव म्हणेल, आणि आमच्या घरावर इतक्या उशिरा तो गोळा पडेल.

आई गेली तीही याच मोसमात, इथंच, माझ्या घरासमोरच्या गल्लीतल्या एका दवाखान्यात. पोळा होऊन गेला होता. ताप उतरत नव्हता. खिडकीबाहेर तसंच न बरसणारं आभाळ होतं. मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती झोपली आहे असं मला वाटत होतं.

“जमूची माय तवाच गेली होती ना वं?” ती म्हणाली.

माझा हात थांबला. “तुले कोणी सांगतलं?”

“सांगा काहून लागते. जित्या माणसाचं काही ना काही गाऱ्हाणं राहते. गुडघे दुखतात, दिसत नाही, भावजयीशी पटत नाही. याची माय इतके वर्सं नुसती चांगलीच.”

खोलीत सलाईनची नळी लोंबत होती. आईकडे पाहता येईना म्हणून मी त्या नळीकडे पाहत राहिले. मग विचारलं, “मंग तू दरवेळी विचारत काहून होती?”

“नसतं इचारलं, तं त्याले समजलं असतं,” आई म्हणाली, “की मले ठाऊक हाये.”

तिच्या तेराव्यानंतर जमूचा फोन आला. तो रडला, मीही रडले. तो इतक्या वर्षांत पुष्कळ भाषा बोलायला शिकला होता, पण माझ्याशी महालातलीच मराठी बोलला. शेवटी फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, “एक सांग. आईले कधी कळलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

पलीकडून तो म्हणाला, बरं झालं. माझं त्याला खरं वाटलं की नाही, ते मी त्याला कधी विचारलं नाही.